पाठमोरे सुखदेवकाका

आधी माफी मागून घेतो. आमच्या घरात सलग दोन पानं लिहिणारा मी पहिलाच, आणि तीसुद्धा आजवर फक्त परीक्षेत लिहिली आहेत. बाळापूरजवळ आमचं गाव. वडील भाजीपाला पिकवतात, आई बाजारात बसून विकते. जिवंत माणसाबद्दल लिहायचं तर त्याला विचारावं लागतं का, हे मला सांगणारं घरात कोणी नाही. सुखदेवकाकांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "माह्यावर काय लिहितं बे, पोट्टीवर लिही." म्हणून न विचारताच लिहितो आहे. चूकभूल झाली तर ती माझी.

सुखदेवकाका अमरावतीला आमच्या कॉलेजच्या फाटकाशी हार विकतात, आणि बास्केटबॉलचा खेळ पाठ फिरवून पाहतात.

हे समजावून सांगायला हवं. संध्याकाळी पाच वाजता मुलींचा सराव सुरू झाला की काका हातगाडी शेजारच्या चहावाल्यावर सोपवतात. फुलांचं रिकामं क्रेट घेऊन मैदानावर येतात, ते पालथं घालतात आणि त्यावर बसतात. बाकीच्या मुलींचा खेळ ते समोर तोंड करून, मोकळेपणानं शेरे मारत पाहतात. पण चेंडू मुस्कानच्या, म्हणजे त्यांच्या लाडक्या पोट्टीच्या, हातात आला की क्रेटवरच गर्रकन फिरून कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करतात. चेंडू दुसरीकडे गेला की परत इकडे. चुरशीच्या सरावात तासाभरात शंभर वेळा तरी फिरत असतील. त्या क्रेटखालची जमीन गुळगुळीत झाली आहे.

"माही नजर वाईट हाय," त्यांनी मला कारण सांगितलं होतं. "पयल्या दिवशी मी पाह्यलं तं तिनं तीन हुकवले. मंग भिंतीकडे तोंड केलं, सहाच्या सहा गेले. आता तूच सांग, मी काहून पाहू?"

मी संघाचा गुणलेखक. मला बास्केटबॉल येत नाही. खेळाच्या सरांनी एकदा वर्गात विचारलं, अक्षर कोणाचं चांगलं आहे? शेजारच्यानं माझा हात वर केला. तेव्हापासून मी कोर्टाच्या कडेला टेबल टाकून बसतो, आणि काकांचं क्रेट माझ्या टेबलाला लागूनच असतं.

त्यांना खेळ ऐकू येतो. चेंडू बोर्डावर आदळला तर एक आवाज, बास्केटच्या कडीवर वाजला तर दुसरा. "आन् कुठी न लागता सुदा आत गेला तं टोपलीत शेवंती पडल्यावानी. आवाज असतेही आन् नसतेही." भिंतीकडे तोंड करून ते म्हणतात, "गेला." मी मान वर करून पाहतो, तर गेलेलाच असतो. खरं सांगायचं तर कधीकधी मी काकांच्या पाठीकडे बघूनच गुण लिहिले आहेत. हे सरांना माहीत नाही.

मुस्कान अकोटची. तिचे अब्बा तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. विद्यापीठाच्या संघात बारा मुली घेतात आणि मागच्या वर्षी मुस्कान तेरावी होती. अब्बा म्हणाले होते, "यंदा एक साल और. नाही जमलं तर खेळ बंद आन् अभ्यास." त्यामुळे यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधीच सगळं कॉलेज बाराचा आकडा घोकत होतं. आणि मुस्कान खेळतही तशीच होती. उन्हाळाभर तिनं डावा हात तयार केला होता. डावीकडून आत घुसून ती चेंडू असा अलगद सोडायची की अडवायला आलेली मुलगी त्याच्याकडे बघतच राहायची. आमचे सर कोणाचं कौतुक करत नाहीत. फार खूश झाले तर "ठीक" म्हणतात. मुस्कानला एका संध्याकाळी दोनदा "ठीक" म्हणाले, तेव्हा मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मी ते गुणतक्त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

काकांनी तर ही बातमी बाजारात केव्हाच पसरवली होती. हार घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "ह्या साली आपली पोट्टी बारामंदी हाय." सत्काराचा हार नेणाऱ्याला सांगायचे, सत्यनारायणाचा नेणाऱ्यालाही. एकदा एक गृहस्थ वडिलांच्या मयतीसाठी हार न्यायला आले. डोळे पुसत उभे होते. काकांनी दोरा ओवता ओवता त्यांनाही सांगितलं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. पण त्या गृहस्थांनी रुमाल खाली घेतला आणि विचारलं, "कोणत्या खेळात?"

"बास्केटबॉल. डाव्या हातानंबी मारते."

"अस्सं," ते म्हणाले, आणि हार घेऊन गेले. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य, तेवढंच त्याचं मन दुसरीकडे गेलं."

मग जाळीचं प्रकरण झालं. आमच्या कडीची जाळी फाटून नुसत्या दोन दोऱ्या लोंबत होत्या. नव्या जाळीचा अर्ज ऑफिसात होता. काका म्हणाले, "दोऱ्याचं काम हाय ना? मंग अर्ज कायले करता?" दोन दिवस बसून त्यांनी पांढऱ्या सुतळीची जाळी विणली. गाठी अशा सुबक की प्राचार्यांनी गाडी थांबवून पाहिली. सरांनी शिडी लावून ती चढवली. पहिला चेंडू मुस्काननं मारायचा ठरलं. काका भिंतीकडे फिरले. चेंडू कडीला न लागता आत गेला आणि काही आवाजच झाला नाही.

बराच वेळ आवाजच आला नाही.

"गेला का नाई बे?" काका भिंतीलाच विचारत होते.

चेंडू जाळीत अडकून बसला होता. काकांचा हात हाराचा. हार खाली निमुळता होत जातो आणि शेवटी गोंडा येतो. सवयीनं त्यांनी जाळीही तशीच खाली आवळत आणली होती, गोंड्याची जागा तेवढी मोकळी ठेवून. बांबूनं टोचून चेंडू काढावा लागला. मुली हसून कोर्टावर बसल्या. काकांना ते लागलं असणार, पण कबूल कसं करतील? "एवढ्या मेहनतीनं पोट्टीनं घातला," ते म्हणाले, "बसू द्या ना घडीभर. खाली याची एवढी काय घाई हाय त्याले?"

"काका, मॅचमध्ये रेफरी घडीभर बसू नाही देत," मुस्कान म्हणाली.

"मंग रेफरीले समजत नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खालच्या गाठी सोडून जाळी सैल केली. ती अजून आहे.

निवड चाचणी अकोल्याला होती. काका आमच्याबरोबर एसटीनं आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवी टोपी. क्रेट आणलं नव्हतं, पण हॉलमध्ये पोचताच त्यांनी एक खुर्ची मिळवली आणि ती भिंतीकडे तोंड करून ठेवली. एका पंचानं मला हळूच विचारलं, "यांना बरं नाही का?"

अडचण वेगळीच निघाली. हॉलमध्ये दोन कोर्ट शेजारीशेजारी होते आणि दोन्हीवर एकाच वेळी चेंडू आपटत होते. लाकडी फरशी, वर पत्रा. सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले. काकांना काही कळेना. मुस्कान छान खेळली, पण ते सारखं मला विचारत होते, "हा आपला का? हा कोणाचा?" शेवटी प्रत्येकीला दहा फ्री थ्रो मारायचे होते. मुस्कानचे नऊच्या नऊ गेले. मी काकांच्या कानाशी एकेक सांगत होतो. दहाव्याला ती थांबली, चेंडू तीनदा आपटला, आणि काकांच्यानं राहवलं नाही. ते फिरले.

चेंडू कडीवर वाजला, गोल फिरला आणि बाहेर पडला.

काका उठले, टोपी नीट केली आणि बाहेर गेले. मला वाटलं पाणी प्यायला गेले असतील. ते एकटेच आधीच्या एसटीनं निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी हातगाडी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. चहावाला म्हणाला, "काका गावाले हायेत, तब्येत नरम हाय म्हणते." यादी आठवडाभरात लागणार होती, तो आठवडा गेला, दुसरा सुरू झाला. मुस्कान रोज माझ्या टेबलाशी येऊन विचारायची, "काका काहून नाही येत रे? माझा दहावा हुकला म्हणून रागावले का?" तिला खरं कारण मी सांगितलं, की दहाव्याला काका फिरून पाहत होते, तेव्हा ती हसली नाही. रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाली, "पागल आहेत. घाई तर मी केली होती."

यादी गुरुवारी दुपारी सरांच्या फोनवर आली. सर चष्मा शोधत होते म्हणून वाचायला माझ्याकडे दिली. मी एकेक नाव मोठ्यानं वाचत गेलो. सातवं नाव मुस्कानचं होतं. मुलींनी जो गलका केला त्यानं ऑफिसातली माणसं बाहेर आली. सर म्हणाले, "ठीक. ठीक. ठीक." मुस्कान रडत रडत अब्बांना फोन लावत होती, आणि मध्येच मला म्हणाली, "तू काकांना सांग ना."

काकांचा फोन सकाळी ऑर्डर घेण्यापुरता चालू असतो, मग बॅटरी वाचवायला बंद. सकाळपर्यंत थांबायचा धीर माझ्यात नव्हता. चांदूर बाजारची एसटी पकडली, त्यांच्या गावच्या फाट्यावर उतरलो आणि विचारत विचारत मळ्यात पोचलो.

झेंडूच्या वाफ्यांपलीकडे एक खोली, बाहेर बाज. बाजेवर फुलांचा ढीग आणि त्यामागे काका हार बांधत बसलेले. तब्येत ठीक दिसत होती. दुसरं कोणी नव्हतं. एकच ताट धुऊन उपडं घातलेलं होतं. मला पाहून त्यांनी हात न थांबवता विचारलं, "बोल. लग्नाचे पायजेत का मयतीचे? किती?"

"हार नकोत काका. सांगायला आलो. मुस्कान बारात आहे. सातवी."

त्यांचे हात चालूच राहिले. दोन फुलं ओवली, तिसरं निसटलं.

"मी पाह्यलं होतं ना तिले," ते म्हणाले. "तरीबी?"

"नऊ गेले होते काका. आणि दहावा घाई केली म्हणून हुकला, ती स्वतःच म्हणते."

त्यांनी निसटलेलं फूल उचलून ओवलं. मग म्हणाले, "चाळीस वर्सं झाली हार बांधून राहिलो. लोकाइच्या घरचं सारं पयले मले समजते. कोणाच्या घरी पाळणा हालला, कोणाचं लगन, कोण गेलं. पण ते हार घ्याले येते बापू. मले सांगाले म्हणून कोणी येत नाई."

मी उभाच होतो. काकांनी दोन्ही हातांनी फुलं एका अंगाला सारली आणि बाजेवर जागा केली.

"बस. आता पयल्यापासून सांग. फोन कोणाच्या हातात होता?"

मी बसलो आणि पहिल्या नावापासून सांगू लागलो. सातव्या नावाशी आलो तेव्हा त्यांनी दोरा खाली ठेवला, आणि माझ्याकडे तोंड करून ऐकलं.