धुकेवाल्यांची ओळ

परमेश्वराने माणसाला दोन डोळे दिले ते सिनेमा बघण्यासाठी. रस्ता ओलांडणे, भाजी निवडणे, सुईत दोरा ओवणे हे त्यांचे किरकोळ उपयोग आहेत. हे सत्य पुष्कळांना म्हातारपणी कळतं, काहींना मोतीबिंदू काढल्यावर. आमच्या दाजींना ते चष्म्याचं दुकान टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुकान त्यांचं, काचा घासायचं यंत्र माझ्याकडे आणि गल्ल्यावर ताई (मालक कोण हे निराळं सांगायला नको). दुकानाच्या मागे डोळे तपासायची अंधारी खोली आहे. तिथे एक उंच खुर्ची, नाकावर बसवून भिंगं बदलायची लोखंडी चौकट आणि समोर दिवा लावलेला तक्ता. इतरांच्या तक्त्यावर अक्षरं असतात, वरून खाली लहान होत गेलेली. दाजींनी अक्षरं काढून दिग्दर्शक घातले आहेत.

योजना शास्त्रशुद्ध आहे. सगळ्यात वर, वीतभर उंचीत, ‘गाड्या उडवणारे’. हे आंधळ्यालाही दिसतात. त्याखाली ‘रडवणारे’ (यांच्यामुळे डोळ्यांत पाणी येऊन नंबर चुकतो, म्हणून आधी रुमाल द्यावा). मग ‘शेवटी सगळ्यांना एका फोटोत उभे करणारे’. हे लांबलचक आहे, पण त्यांचे सिनेमेही तसेच असतात. आणि सर्वांत खाली, मुंगीच्या पावलाएवढं, ‘धुकेवाले’.

धुकेवाले हे दाजींचं दैवत. त्यांच्या सिनेमात धुकं असतं, एक दार असतं आणि त्या दारातून कोणी येत नाही. “दारातून माणूस आला, की कला मागच्या दाराने गेली,” असं दाजींचं मत आहे. दाजी निरूपण करू लागले की मी यंत्र बंद करून ऐकतो. कळत नाही, पण गोड वाटतं. ऐकण्याचं पुण्य कळण्यावर अवलंबून नसतं, नाहीतर आपल्यापैकी कितीजण तरले असते?

या पद्धतीने तपासलेल्या गिऱ्हाइकांपैकी नव्वद टक्क्यांना चष्मा लागतो. उरलेल्या दहा टक्क्यांना तो आधीच असतो, त्यांना दुसरा लागतो.

एकदा शहरबसचे एक चालक दृष्टीचा दाखला घ्यायला आले. साऱ्या मार्गावर त्यांना मामा म्हणतात. सोमवारपर्यंत दाखला डेपोत गेला नाही, तर स्टिअरिंग जाणार आणि मामा गाड्या धुण्यावर जाणार होते. “उभा जन्म काचेच्या आतून बघितलं,” ते ताईला म्हणाले, “आता बाहेरून पुसत बसू का?”

दाजींनी त्यांना खुर्चीत बसवलं. मामांनी वरपासून खालपर्यंत तक्ता घडाघडा वाचला.

“धुकेवाले दिसतात?” दाजींनी विचारलं.

“स्वच्छ.”

“आवडतात?”

मामा प्रामाणिक माणूस. “एक बघितला होता, साहेब. एकजण दाराकडे बघत बसला होता. मीही बघत बसलो. कोणी येईना. मग आम्ही दोघंही झोपलो.”

“मग आवडतं कोण?”

“गाड्या उडवणारे. तीनदा बघितला.”

दाजींनी दिवा मालवला. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. ज्या माणसाला गाड्या उडालेल्या आवडतात, त्याच्या हाती बस द्यायची का? बसमध्ये बसलेल्यांच्या जिवाचा प्रश्न होता. दाखला रोखण्यात आला.

“अहो, तो गाडी चालवतो,” ताई गल्ल्यावरून म्हणाली. “गाडीत सिनेमा दाखवत नाही. कशाला गरिबाच्या पोटावर पाय देताय?”

“पायाचा संबंध नाही. डोळ्यांचा आहे.”

“तुमच्याच आधी तपासा. मघाशी मिठाच्या डब्यात साखर ओतलीत.”

(ही टीका कलाबाह्य असल्याने नोंदली गेली नाही.)

उपचार त्याच संध्याकाळी सुरू झाले. तक्त्यावर चादर टाकून दाजींनी धुकेवाल्यांचा सिनेमा लावला. लोखंडी चौकट मामांच्या नाकावर. पडद्यावर एक माणूस बटाटा सोलत होता.

“हा सोलून कधी संपवणार?” मामांनी विचारलं.

“संपवणं हा तुमचा हट्ट आहे. त्याचा नाही.”

दुसऱ्या दिवशी मामांनी घड्याळ बघणं सोडलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, धुकं आज जरा दाट आहे. रविवारी बटाट्याची साल न तुटता एकसंध खाली पडली आणि मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दाजींनी त्यांना पोटाशी धरलं आणि दाखल्यावर लिहिलं: ‘दृष्टी उत्तम. अभिरुची प्रगतिपथावर.’

सोमवारपासून मार्गावर निराळीच गाडी धावू लागली. धावू लागली हा शब्द सवयीने आला. दिवा लाल असताना सगळेच थांबतात. मामा तो हिरवा झाल्यावरही थांबत. एका बंद गोदामाच्या भिंतीवर ऊन पडे, त्यासमोर ते इंजिन बंद करत. सुरुवातीला आरडाओरडा झाला. डेपोने तक्रारी तपासल्या. बस थांबलेली दिसते, असं लोकांचं म्हणणं. म्हणजे तक्रार दिसण्याबद्दल होती, तेव्हा तक्रारदारांना डोळे तपासायला आमच्याकडे धाडण्यात आलं. पुढे प्रवाशांत दोनच प्रकार उरले: ज्यांना समजतं ते आणि ज्यांना कामावर जायचं असतं ते. दुसरा प्रकार हळूहळू पायी जाऊ लागला. समजणाऱ्यांचं प्रमाण शंभर टक्क्यांवर गेलं.

आणि मग तो दिवस आला. साक्षात धुकेवाले, म्हणजे त्या ओळीचे मूळपुरुष, आमच्या शहरात येणार होते. संध्याकाळी टाऊन हॉलमध्ये त्यांचा सिनेमा आणि पुढे भाषण. त्यांचा फोटो कोणी पाहिलेला नव्हता. ते काढूच देत नसत. दाजींनी इस्त्रीचा कोट घातला. आयुष्यात एकदा त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. आम्ही मामांच्या बसमध्ये बसलो.

बस गोदामाच्या भिंतीसमोर थांबली.

ऊन भिंतीवरून सरकत होतं. दाजी भिंतीकडे बघत होते आणि कोटाची बाही वर करून घड्याळाकडेही. कपाळावर घाम जमला. मी हळूच म्हटलं, “सांगू का काढायला?”

“वेडा आहेस का? त्याला मी घडवलंय. वाटेल तेव्हा काढेल तो.”

मी उठून पुढे गेलो. मामा आरशातून मागे बघत होते. “साहेबांनी मान हलवली की काढतो,” ते कुजबुजले. “दाखला दर वर्षी नवा लागतो हो.”

मी परत येऊन बसलो. दोघांच्या मध्ये बोलणारा मी कोण?

तेवढ्यात मागच्या सीटवरून एक म्हातारा उठला. गळ्यात मफलर, हातात पिशवी. “अहो, काढा की गाडी. भिंत काय बघताय? मला वेळेवर पोचायचंय.”

सगळी बस त्याच्याकडे वळली. एवढा अरसिक माणूस या मार्गावर बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता. दाजी शांतपणे उठले, त्यांनी दुकानाचं कार्ड त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, “आजोबा, एकदा येऊन जा. तुम्हाला लांबचं दिसत नाही.”

म्हातारा कार्ड बघत खाली उतरला आणि तरातरा चालू लागला.

आम्ही टाऊन हॉलवर पोचलो तेव्हा सिनेमा संपून भाषणही संपत आलं होतं. व्यासपीठावर मफलर होता. “उशीर झाला, क्षमा करा,” असं ते सुरुवातीलाच म्हणाले होते म्हणे, “तुमच्याकडे बस भिंतीसमोर उभी करतात.” दाजी दारातच खिळले. पुढे गेले नाहीत. दारातून कोणी येत नाही, तसे.

घरी ताईने पाण्याचा तांब्या पुढे केला. दाजी दोन घोट प्याले आणि त्यांनी निदान सांगितलं: “धुकेवाल्यांचा नंबर वाढलाय. त्यांना आता स्वतःचंच दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी तक्त्यावरून शेवटची ओळ खरवडली गेली. तिथे आता काही लिहिलेलं नाही. श्रेष्ठ दिग्दर्शक तोच, ज्याने अजून एकही सिनेमा काढलेला नाही, असं दाजींचं नवं मत आहे, आणि ती कोरी ओळ त्याची. ती वाचता येईल त्यालाच दाखला. मामांनी ती न अडखळता वाचली, चालीवर वाचली. त्यांची गाडी आता वेळेवर धावते; फक्त दाजी आत असले की भिंतीसमोर थांबते, आणि ऊन नसलं तरी थांबते.

दाजींच्या सांगण्यावरून या लेखाची शेवटची ओळही मी त्याच पद्धतीने लिहिली आहे. ती खाली आहे. आपण मान डोलावलीत, तेव्हा आवडलेली दिसते.