डाव्या हाताला पाववाला

कवळीवाल्यांनी बायकोला अळंबीची थाप मारली, तिथेच खरं तर सगळं फसायला सुरुवात झाली. थाप मारावी तर अशी, की पुढे कुणी ती खायला मागणार नाही. पण घाईत त्यांना दुसरं काही सुचलं नाही. बागेच्या मागच्या भिंतीलगत त्यांनी निळ्या ताडपत्रीचा मांडव घातला होता, बायको कप हातात घेऊन "हे काय हो?" म्हणत तिकडेच निघाली होती, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अळंबी लावलीये. अंधार लागतो तिला. उजेड दिसला की संपलंच."

बायकोने मान डोलावली आणि मागे फिरली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची, तेव्हा उजेड आणि अंधार या विषयात तिच्याशी वाद नव्हता.

ताडपत्रीखाली होतं ते तिचं गाव. स्टेशन, स्टेशनातून निघणारा एकच रस्ता, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी घरं आणि सगळ्याला वळसा घालून जाणारे रूळ. खरं गाव कधीच गेलं होतं. त्याच्या पोटात कोळसा सापडला आणि गाव उठलं, तेव्हा ती पाच वर्षांची होती. बापाच्या हातगाडीवर गाद्यांच्या ढिगावर बसून ती निघाली, ती परत गेलीच नाही, कारण परत जायला तिथे आता फक्त खड्डा होता. फोटो एकही नाही. उरलं ते तिच्या डोक्यात, आणि रोज ऐकून ऐकून नवऱ्याच्या.

एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती नेहमीसारखी गावात शिरली. स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला पाववाला, मग म्हणाली, "त्याच्यापुढे... त्याच्यापुढे कोण हो?" कवळीवाले वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, छत्रीवाला. तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"तुम्हांला आठवतंय आणि मला नाही. उद्या पाववालाही जाईल, मग मी कुठली?" आणि ती रडायला लागली. त्यांनी तिला दातदुखीतसुद्धा रडताना पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून ताडपत्री आणली.

माणूस निवृत्त होतो, पण हात कुठे होतात? कवळीवाल्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे दात बनवले होते. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून, ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत अशांचं हसू त्यांनी जुळवून दिलं. त्यामुळे घरं झाली ती साच्याच्या प्लास्टरची, पांढरीशुभ्र आणि नको इतकी गुळगुळीत. छपरं झाली कवळीच्या हिरड्या करायच्या गुलाबी मसाल्याची, कारण तोच घरात डबा भरून पडला होता. फुटपाथला त्यांनी उरलेल्या दाढा बसवल्या आणि स्टेशनच्या कुंपणाला पुढचे दात. गाव जरासं हसल्यासारखं दिसायचं, पण निळ्या उजेडात सकाळी तिथे जाऊन बसलं की खरंच कुठेतरी पाव भाजल्याचा वास येतोय असं त्यांना वाटायचं. मग ते स्टेशनामागच्या स्टुलावर बसून गावाच्या आत बघत राहायचे, आणि दाढी करायची राहून जायची.

माहिती गोळा व्हायची जेवताना. ते अगदी सहज विचारल्यासारखं विचारायचे, लोहार कुठल्या बाजूला होता गं? ती सांगायची, उजव्या. तो लोहार संध्याकाळी उजव्या बाजूला जाऊन बसायचा. आणि कवळीचा दात हलता कामा नये हा धंद्याचा पहिला नियम, म्हणून प्रत्येक घर बसलं की ते बुडाशी सिमेंट ओतायचे. शेवटी सगळं गाव एकसंध झालं. भूकंप आला असता तर आजूबाजूची खरी घरं पडली असती, पण हे गाव जागचं हललं नसतं.

आगगाडीसाठी शेजारचा घड्याळजी आला. लहानपणापासूनचा मित्र, स्वभावाने खवचट. त्याने इंजिन रुळावर ठेवलं, गाडी फिरवून आणली, स्टेशनात थांबवली आणि आपणच गाडीतून उतरल्यासारखा दोन बोटांनी फलाटावर चालत बाहेर आला. वहिनींचं गाव त्यालाही पाठ होतं. कोणाला नव्हतं? त्याने डावीकडे बघितलं आणि तिथेच थांबला.

"डाव्या हाताला हा लोहार कसा रे?"

कवळीवाले म्हणाले की लोहार उजवीकडे आहे. घड्याळजीने आपला उजवा हात वर करून दाखवला. कवळीवाल्यांनी मान हलवली, तो तुझा उजवा, गावाचा डावा.

"गाव काय तुझ्यासमोर तोंड उघडून बसलंय?" घड्याळजी म्हणाला.

कवळीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अख्खा जन्म त्यांनी डावी दाढ म्हणजे समोरच्या साच्याची डावी दाढ, म्हणजे आपल्या उजव्या हाताला, असं काम केलं होतं. समोर काही उघडं दिसलं की हात आपोआप तसाच चालायचा. स्टुलावर बसून गावात डोकावताना त्यांनी पाववाला, छत्रीवाला, दवाखाना, ओळीने सगळे डावे उजवीकडे आणि सगळे उजवे डावीकडे बसवले होते, आणि वरून सिमेंट ओतलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

घड्याळजीचं म्हणणं पडलं की एवढं काय, दाखवून टाक, वहिनी हसतील. पण कवळीवाल्यांना हसू येईना. तिच्या डोक्यातलं गाव आधीच पुसट होत चाललेलं. त्यावर हे असं लखलखीत, हात लावता येईल असं उलटं गाव तिने एकदा बघितलं, की खरं बिचारं मुकाट्याने निघून जाईल. कोळशाने नेलं ते नेलं, उरलेलं नवऱ्याने नेलं असं व्हायचं. ताडपत्री बायकोसमोर उघडायची नाही, असं त्यांनी घड्याळजीकडून वचन घेतलं.

मग दुरुस्तीचे प्रयोग झाले. घड्याळजी म्हणाला, स्टेशन उचलून रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवू. बायको दुकानात गेलेली बघून दोघांनी छिन्नीने स्टेशन सोडवलं, पलीकडे नेलं, रूळ फिरवले आणि मान वर करून बघितलं. पाववाला डाव्या हाताला आला होता. मात्र तो आता गावाच्या शेवटी होता, आणि स्टेशनातून उतरणाऱ्या माणसाला पहिल्यांदा स्मशानाची भिंत लागत होती. स्टेशन मुकाट्याने परत जागेवर आलं, येताना कुंपणाचे चार दात पाडून.

इकडे अळंबी वाढत होती, म्हणजे थापेतली. इतके दिवस झाले, एक तरी तोडा ना, असं बायको म्हणायला लागली, तेव्हा कवळीवाले गुपचूप बाजारातून अळंबी घेऊन आले आणि मागच्या दाराने घरात शिरले. तिला ती इतकी आवडली की तिने दुकानात डबा नेला. दुकानातल्या बायकांनी वाहवा केली. मग त्यांच्यासाठी आणणं आलं. आता कवळीवाले सकाळी बाजारात आणि दुपारी बागेत, चपलांना मुद्दाम माती फासून. शेवटी एक दिवस बायकोने हौसेने सांगितलं की रविवारी दुपारी दुकानातल्या सगळ्याजणी अळंबीचा वाफा बघायला येणार आहेत. उजेडाची काळजी नको, त्या डोळे बारीक करून बघतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या आठवड्यात कवळीवाल्यांना जेवण गेलं नाही. स्टेशन हलवताना त्याच्या भिंतीकडच्या कमानीला तडा गेला असावा अशी त्यांना शंका होती, पण पोटावर पडून ती दिसेना. म्हणून रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आडवे होऊन त्यांनी दवाखान्यातला जुना आरसा, दाढेमागचं बघायचा तो रुपयाएवढा, लांब काठीला बांधून स्टेशनापलीकडे धरला. तडा नव्हता. पण त्या इवल्याशा आरशात स्टेशन होतं, स्टेशनातून आत जाणारा रस्ता होता, आणि डाव्या हाताला पाववाला होता. त्याच्यापुढे छत्रीवाला. उजव्या हाताला लोहार. सगळं गाव, जसं ती सांगायची तसं, पाण्याच्या थेंबात दिसावं तसं दिसत होतं. ते किती वेळ तसेच पडून राहिले कुणास ठाऊक, घड्याळजीने येऊन त्यांचा पाय हलवून बघितला तेव्हा उठले.

सगळं गाव मावेल एवढा आरसा घरात एकच होता, बायकोच्या कपाटाच्या दाराचा. तो त्यांनी काढला आणि स्टेशनामागे भिंतीला टेकवून उभा केला. बायकोला सांगितलं, कडेने काळा पडत होता, मुलामा द्यायला दिलाय. ती बिचारी वाकडा भांग पाडून दुकानात जाऊ लागली. एक बुलबुल ताडपत्रीत शिरला आणि आरशात दुसरा दिसला म्हणून त्याच्याशी दिवसभर भांडला, आणि ताडपत्रीआडून येणारा तो आरडाओरडा अळंबी वाढल्याचा आहे असं म्हणण्यापर्यंत कवळीवाल्यांची मजल गेली. बायको नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

रविवारी सकाळी सगळं तयार होतं. घड्याळजीने स्टूल रस्त्याच्या टोकाला मांडलं, आरशात नजर टाकली, आणि सावकाश विचारलं, "पाट्यांचं काय?"

दुकानांच्या पाट्या कवळीवाल्यांनी हिरड्यांवरच्या बारीक लाल रेषा काढायच्या कुंचल्याने रंगवल्या होत्या. स्टेशनातून बाहेर येणाऱ्याला वाचता याव्यात म्हणून सगळ्या स्टेशनकडे तोंड करून. गाव उलटं होतं, पाट्या मात्र सुलट, आणि म्हणून आरशात गाव सुलट आणि पाट्या उलट्या. कवळीवाल्यांनी कपाळावर हात मारला. मग स्पिरिटचा बोळा, कुंचला आणि रंग घेऊन ते पोटावर पडले आणि एकेक पाटी पुसून उलटी लिहायला लागले. घड्याळजी आरशात बघून सांगायचा, काना इकडे, वेलांटी तिकडे. दोघांचं भांडण झालं, अबोला झाला, आणि जेमतेम छत्रीवाल्याची एक पाटी झाली.

तेवढ्यात ताडपत्रीचा पडदा बाजूला झाला. पाहुण्या यायच्या आत चार अळंब्या चिरून ठेवाव्यात म्हणून बायको ताटली घेऊन आली होती.

"खाली बघू नकोस," कवळीवाले पडल्या जागेवरून म्हणाले. "पाया पडतो तुझ्या, आरशात बघ. फक्त समोर बघ."

दिवसभर लोकांना 'समोर बघा' सांगणारी बाई ती. तिने समोर बघितलं.

ती हळूच स्टुलावर बसली, ताटली मांडीवर. निळ्या उजेडात गाव पहाटेचं दिसत होतं, आणि रस्त्याच्या पार टोकाला, घरांच्या गुलाबी छपरांवर, टेकडीएवढा तिचा स्वतःचा चेहरा होता, वाकड्या भांगाचा. घड्याळजीने हळूच गाडी सोडली. गाडी वळसा घालून आली आणि स्टेशनात थांबली.

"पाववाला," ती म्हणाली. मग अगदी हळू, वाटेत कुणाला धक्का लागू नये अशी, ती पुढे निघाली. छत्रीवाला. दवाखाना. छत्रीवाल्यापाशी ती परत आली. "इथे बाहेरून जिना होता. लाकडी. तिसऱ्या पायरीवर मांजर बसायचं." तिने नवऱ्याकडे बघितलं. "हे मी तुम्हांला कधी सांगितलं होतं का हो?"

कवळीवाल्यांनी मान हलवली. कधीच नाही.

"मलाच माहीत नव्हतं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले, पण या वेळी ती हसत होती. मग गाव एकेक करून परत यायला लागलं. पाववाल्याच्या दारातला खड्डा, लोहाराची पांगळी म्हातारी, दवाखान्याच्या खिडकीतलं फुटकं तावदान. कवळीवाल्यांना आनंद झाला, आणि त्यात अपराधीही वाटत राहिलं, कारण चूक लपवून संसार केलेला माणूस नव्हता तो. त्यांनी सगळं सांगून टाकलं. डावा, उजवा, सिमेंट, अळंबी, बाजार, सगळं. आणि शेवटी म्हणाले, पाट्या तेवढ्या उलट्या राहिल्यात, पाहुण्या यायच्या आत करतो सगळ्या नीट.

"पाट्यांना हात लावू नका," ती म्हणाली. "पाच वर्षांच्या पोरीला वाचता कुठे येतं? मला त्या अशाच दिसायच्या. नुसती चित्रं."

ती पुढे झुकली, आरशात डोळे बारीक करून बघत राहिली, आणि तिने बोट दाखवलं.

"ती छत्रीवाल्याची एक तेवढी चुकलीये बघा. वाचता येतेय."

कवळीवाल्यांनी बोळा उचलला.