तळ्याकाठची गुलाबी छत्री

कवळीकाकांना तळ्यावर यायला बंदी झाली. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायच्या, संध्याकाळी तो दात विचकणारा पसारा कपाटात कोंबायचा आणि फोनवरच्या खेळातल्या धुकट तळ्याकाठी गळ टाकून बसायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. शेजारी 'बगळा' नावाचा कुणी अनोळखी खेळाडू बसे. दोघं कधी एक शब्द बोलले नव्हते. इतकी निर्मळ मैत्री काकांना दुसरी मिळाली नव्हती.

आता पडद्यावर नुसती पाटी: 'तुम्ही माणूस नसल्याचा संशय आहे.'

सूनबाईंनी खेळाच्या कंपनीला फोन लावून दिला. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, की जो रोज येतो आणि कधीच काही विकत घेत नाही तो यंत्र असतो, असं त्यांच्या यंत्राचं मत आहे.

"अहो, मी तुमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक."

"चाहते आहात, सर. गिऱ्हाईक कुठं झालात अजून?"

माणूसपणाचा पुरावा म्हणून खेळातली गुलाबी छत्री विकत घ्यायची होती. काकांनी रक्तगट सांगितला, सूनबाईंची साक्ष देऊ केली. चालेना. तळ्यावर पाऊसच पडत नाही, हेही सांगून झालं. मग या लुटारूंना दमडी देणार नाही, असं म्हणून त्यांनी फोन आपटला.

पण तळं डोळ्यांपुढून हलेना. कामात धुकं शिरलं. शाळेच्या मोठ्या बाईंच्या कवळीत एक सुळा जास्त बसला. त्या हसल्या की पहिलीचा वर्ग रडू लागला.

"बाबा, घेऊन टाका ती छत्री," सूनबाई म्हणाल्या. "शाळा ओस पडेल."

काकांनी घेतली. धुकं बाजूला झालं. बगळा जागेवरच होता, काखेत मिटलेली गुलाबी छत्री. त्याच्यापलीकडे आणखी एक, मग आणखी. अख्खा काठ गुलाबी. सगळी जुनी मंडळी; नवख्यांना कंपनीनं हात लावला नव्हता. जीव लावून बसलेले सोडून जात नाहीत, म्हणून पिळायला तेच सापडतात.

तेवढ्यात तळ्यावर पहिल्यांदाच पाऊस आला. काकांनी छत्रीवर बोट ठेवलं. पाटी आली: 'उघडण्याचे पैसे वेगळे.'

इतक्या वर्षांत बगळा प्रथमच बोलला. "उघडू नका हं."

काकांनी छत्री काखेत दाबली. काठावर सगळेच निवांत भिजत होते, गळाकडे बघत.

सूनबाई मागून डोकावल्या. "बाबा, भिजताय की."

"भिजू दे गं. माणूस आहे, भिजणारच."