कारण सांगता येत नाही

सिग्नेबाई पाल्मब्लाड यांना बँकेने मंगळवारी सकाळी काढून टाकलं. पत्र साडेतीन ओळींचं होतं. 'प्रिय सिग्ने, तुझ्याशी असलेला आमचा ग्राहकसंबंध आजपासून संपला आहे. कारण सांगता येत नाही. तुझा दिवस छान जावो.' खाली सही नव्हती. सत्तेचाळीस वर्षांचं नातं तोडताना निदान एखाद्या माणसाने पुढे येऊन सही करावी, एवढीही लाज त्या बँकेला नव्हती.

सिग्नेबाईंना नकाराचं वावडं नव्हतं. वेस्टेरोसच्या नगरपालिकेत चाळीस वर्षं त्यांनी बांधकामाचे परवाने नाकारण्याचंच काम केलं होतं. निम्म्या शहराच्या पडव्या, गॅलऱ्या आणि धुराडी त्यांनी कागदावरच पाडली होती. पण प्रत्येक नकारामागे चार पानं कारणं असत. कुत्र्याचं घर अर्धा मीटर उंच करू पाहणाऱ्या एका गृहस्थालाही त्यांनी चार पानं पाठवली होती, वर आकृतीसह. माणसं चिडत, पण आपण कशावर चिडतोय हे त्यांना ठाऊक असे.

नेमकं त्याच आठवड्यात दुसरंही एक पत्र आलं होतं. तळ्याकाठच्या बाग-संस्थेतलं एक लाकडी घर, त्यामागे वाफे, सफरचंदाची दोन झाडं. त्यासाठी सिग्नेबाई आणि त्यांचे यजमान टोर्स्टेन तेवीस वर्षांपूर्वी रांगेत शिरले होते. टोर्स्टेन रांगेतच गेले. आता नंबर लागला होता. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत बँक-ओळखीने होकार द्यायचा, नाहीतर संगणक आपोआप पुढच्या नंबराला घर देऊन मोकळा. बँक-ओळख म्हणजे फोनमधलं ते चौकोनी चिन्ह. ते दाबलं की तुम्ही तुम्हीच आहात हे देशाला पटतं. आणि ते चिन्ह बँक देते.

बाईंनी फोन उघडून चिन्ह दाबलं. 'ही व्यक्ती सापडत नाही,' असं उत्तर आलं. बाई कोट चढवून शाखेत गेल्या.

शाखेत चिटपाखरू नव्हतं, तरी यंत्रातून क्रमांकाचा कागद घ्यावा लागला. बाईंचा सहासष्ट. फलकावर पासष्ट होता. लुडविग नावाच्या कोवळ्या कारकुनाने रिकाम्या खुर्च्यांकडे बघत पासष्टची दोन मिनिटं वाट पाहिली आणि मगच बटण दाबलं.

"मला का काढलंत?" बाईंनी पत्र त्याच्यापुढे आपटलं.

"सांगता येत नाही. सुरक्षेचं कारण आहे."

"कोणाच्या सुरक्षेचं?"

"तेही सांगता येत नाही."

"तुला तरी माहीत आहे का?"

लुडविगने मागे वळून बघितलं. "नाही हो. आम्हाला कळलं तर आम्ही सांगून बसू, म्हणून कळवतच नाहीत."

"मग तुला इथे कशाला बसवलंय?"

"विचारायला येतात ना लोक, त्यांच्यासाठी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला तक्रार करायची आहे. लेखी."

"करा ना! वेबसाइटवर जायचं, बँक-ओळखीने आत शिरायचं..." लुडविग अडखळला. "अच्छा. तुमची गेली, नाही का?"

"तुम्हीच घालवलीत."

"खातं गेलं की ती जातेच. दुसऱ्या बँकेत खातं काढा, मग इथे येऊन तक्रार करा."

बाईंनी त्याला शुक्रवारचं सांगितलं. तेवीस वर्षांचं सांगितलं. टोर्स्टेनचंही सांगितलं, खरं तर सांगायचं नव्हतं. लुडविगचा चेहरा खरोखर उतरला.

"तेवीस वर्षं? म्हणजे माझं अख्खं वय की! आईने माझं पण नाव घालून ठेवलंय हो, मी आठवड्याचा होतो तेव्हापासून. घराची रांग, बोटीची रांग, बागेची रांग. अजून एकीचाही नंबर नाही."

"लागेल हं," बाई कुजकटपणे म्हणाल्या आणि निघाल्या.

दुसऱ्या बँकेतल्या कारकूनबाईंनी आधी बँक-ओळख मागितली. ती नाही म्हटल्यावर एक अर्ज पुढे सरकवला. त्यात एक चौकट होती, 'आधीच्या बँकेने खातं का बंद केलं?'

"त्यांनी कारण सांगितलं नाही," सिग्नेबाई म्हणाल्या.

"अरे बापरे," त्या बाई खुर्ची मागे सरकवत म्हणाल्या. "म्हणजे फारच गंभीर असणार."

बुधवार सिग्नेबाईंनी स्वतःचे गुन्हे आठवण्यात घालवला. भाचीला वाढदिवसाचे पैसे पाठवताना गमतीने 'दारूसाठी' लिहिलं होतं, ते भोवलं का? टोर्स्टेनचे शिकारीचे बूट एका अनोळखी माणसाला विकले, तो कोण होता? आयुष्यात कधी ग्रंथालयाचं पुस्तकसुद्धा उशिरा न दिलेली ही बाई संध्याकाळपर्यंत स्वतःकडेच संशयाने बघू लागली. बँकेला हे एक छान जमलं होतं. आरोप न करताच तिने आरोपी तयार केला होता.

गुरुवारी शुक्रवारसाठी ब्लाउज धुवायला बाई इमारतीच्या तळघरात गेल्या, तर धुलाईखोलीचं दार उघडेना. तिथली पाळीही बँक-ओळखीनेच लावायची होती. हा ठराव तीन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत खुद्द सिग्नेबाईंनी मांडला होता. चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या फोल्केने विरोध केला, तेव्हा "ज्याला बँक-ओळख नाही त्याने कपडे घाण करावेतच कशाला?" असं त्या म्हणाल्या होत्या. इतिवृत्तात ते वाक्य आहे. बाईंनी ब्लाउज स्वयंपाकघरातल्या मोरीत धुतला आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला.

शुक्रवारी सव्वाअकराला त्या बाग-संस्थेच्या कचेरीत पोचल्या. आपल्याला फोनवरून होकार का देता येत नाही, याची कारणं त्यांनी लिहून आणली होती. चार पानं. अध्यक्ष मायब्रिट, वय अठ्ठ्याहत्तर, थर्मासमधून कॉफी ओतत होत्या. त्यांनी ती पानं कपाखाली ठेवली.

"माझी बँक-ओळख..." बाईंनी सुरुवात केली.

"गेली?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, परवा संस्थेचंही खातं बंद केलं. त्याच बँकेने. एकशे चार वर्षांची संस्था आमची! बटाटे लावतो, गाजरं लावतो. जगभरच्या गुंडांना गाजरं पुरवतो असं वाटलं असेल त्यांना."

"कारण काय दिलं?"

मायब्रिट इतक्या हसल्या की कॉफी बशीत सांडली. "पेन आहे का तुझ्याकडे? मग कर सही इथे. आम्ही सगळं पुन्हा कागदावर आणलंय."

बाईंनी सही केली. साडेअकरा वाजले होते. "आणि पैसे?"

"तुला द्यायला खातं नाही, मला घ्यायला खातं नाही. झाली फिट्टंफाट. मागाहून बघू."

"संगणकाला कळवायला हवं ना?"

"त्याला कोण कळवणार? ते यंत्र चालवणारी कंपनी दुसऱ्या गावात बसते, आणि आजच त्यांचं बिल भरायचंय." मायब्रिटनी किल्ली टेबलावर ठेवली. किल्लीला लाल लोकरीचा गोंडा होता. सिग्नेबाईंनी ती मुठीत धरली, आणि त्यांना टोर्स्टेनची इतकी आठवण आली की त्या आभार मानायचं विसरल्या.

शनिवारी सकाळी बाई आपल्या घराच्या पायरीवर कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन बसल्या होत्या. तळ्यावर ऊन होतं. फाटक करकरलं. एका हातात कुदळ आणि दुसऱ्या हातात लाल बेरीच्या झुडपाचं रोप घेऊन लुडविग आत आला, आणि थबकला.

"तुम्ही इथे?"

"मी इथे."

"पण हे घर माझं आहे! काल बारा वाजून एक मिनिटाने पत्र आलं. मी लगेच होकारही दिला. आई तर रडली हो."

"ते रद्द झालंय."

"का?"

कारण अगदी साधं होतं. साडेअकराची सही, कागदावर. एका ओळीत संपलं असतं. ते बाईंच्या जिभेवरही आलं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाला कारणाशिवाय परत पाठवलं नव्हतं. बाईंनी पावाचा तुकडा कॉफीत बुडवला आणि खाल्ला.

"कारण सांगता येत नाही."

लुडविगने आ वासला. "सुरक्षेचं... कारण आहे का?"

"तेही सांगता येत नाही."

"मग मी तक्रार कुठे करू?"

"संस्थेच्या वेबसाइटवर."

"ती सकाळपासून बंद आहे. बिल भरलं नाही म्हणे."

"भरणार कुठून? संस्थेचं खातं तुमच्याच बँकेत होतं," बाई म्हणाल्या.

लुडविगला समजायला जरा वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले. त्याने रोप या हातातून त्या हातात घेतलं आणि तो फाटकाकडे वळला.

"लुडविग," बाईंनी हाक मारली. तो आशेने थांबला. "तुझा दिवस छान जावो."

फाटक लागलं. बाईंनी दुसरा पाव घेतला. त्यांना अपराधी वाटायला हवं होतं, म्हणून त्यांनी थोडी वाट पाहिली, पण तसं काही वाटेना. उलट खांदे हलके झाले होते आणि कॉफीला चव आली होती. एक वाक्य, ना आकृती, ना सही. इतकं सोपं होतं तर आपण चाळीस वर्षं चार-चार पानं कशाला खरडत बसलो, या विचाराने सिग्नेबाईंना त्या आठवड्यात पहिल्यांदाच बँकेऐवजी नगरपालिकेचा राग आला.