खाडीत पडलेलं घर

मधुकाकांच्या घरी नव्याने येणाऱ्या माणसाला पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न मिळायचा. "फोनने कुठे नेलंन तुम्हाला?"

पाहुणा घाम पुसत सांगायचा, "खाडीवर."

"वाटलंच. आम्ही खाडीत नाही राहत, बरं का." मग पाणी.

मी पूर्णगडच्या शाळेत बदली होऊन आले आणि काकांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. काकांचा जन्म बोटीवर गेलेला. जगातली बंदरं बघून झाल्यावर ते गावी येऊन राहिले होते. घरात ते आणि इंदूकाकू, दोघंच. मूलबाळ नव्हतं. काकू पडवीत बसलेल्या असायच्या आणि मी दिसले की हसून विचारायच्या, "तू कुणाची गो?" रोज विचारायच्या. मला ती त्यांची थट्टा वाटायची.

फोनमधल्या ज्या नकाशावर कुणीही आपलं घर, दुकान टाकू शकतं, त्यावर काकांनी आपलं घर टाकलं होतं. टाकलं अंगणात, पडलं खाडीत. कुरियरवाला धक्क्यावर उभा राहून होड्यांकडे बघत काकांच्या नावाने हाका मारायचा. काकूंच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेले लोक तर कोळणींना विचारत बसले, की इथून पुढे जायची सोय काय.

काका रोज सकाळी फोन घेऊन अंगणात उतरायचे. फोनमधला निळा ठिपका अंगणात आला तर खूण तिथे रोवायची, असा बेत. पण ठिपका कधी शेजारच्या कलमांत, कधी रस्त्यापलीकडे. काका कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढायचे, हात उंच करायचे आणि वासराला बोलवावं तसं त्याला बोलवायचे, "ये, ये. इकडे ये रे." ठिपका दोन पावलं यायचा आणि परत खाडीकडे वळायचा.

नकाशावाल्यांना दुरुस्ती कळवली की उत्तर यायचं, 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.' काका वैतागायचे. "आभार कसले मानतायत? आधी घर हलवा म्हणावं." एकदा नकाशावाल्यांनी खरंच हलवलं. खूण वरच्या वाडीतल्या एका गोठ्यावर जाऊन बसली. "घ्या," काका म्हणाले, "खाडीतून काढलंनी आणि दावणीला बांधलंनी."

एकदा मी म्हटलं, "काका, अख्खं गाव तुम्हाला ओळखतं. कुणालाही विचारलं तरी आणून सोडेल."

"गाव ओळखतं हो, बाई," ते म्हणाले. "बाहेरचा माणूस काय करील?" आणि पुन्हा गडग्यावर चढले.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघं पडवीत फोन घेऊन बसलो. ठिपक्याचा नाद सोडला आणि वरून काढलेल्या चित्रात घर शोधलं. विहीर दिसली, मग विहिरीशेजारची लाल कौलं. त्या कौलांवर बोटाने खूण ठेवली, घराचा फोटो जोडला आणि पाठवून दिलं. काही दिवसांनी ती मान्य झाली. काका पुलापर्यंत चालत गेले आणि फोन सांगेल त्या वाटेने परत आले. फाटकाशी पोचल्यावर फोन म्हणाला, तुम्ही पोचलात. काका त्याला "हो" म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यात दुपारी ते माझ्या दारात आले. पायांत चप्पल नव्हती. "बाई, ही घरात नाही."

वाटेने शोधत जाताना त्यांनी मला सांगितलं. काकूंना गेल्या वर्षापासून काही आठवेनासं झालं होतं. मागे एकदा त्या अशाच बाहेर पडून भलतीकडे गेल्या होत्या. त्याआधीच काकांनी त्यांच्या गळ्यात फोन अडकवला होता आणि त्यात 'घर' म्हणून नकाशावरची तीच खूण करून ठेवली होती. एका भल्या रिक्षावाल्याने ती खूण बघून त्यांना आणून सोडलं, ते धक्क्यावर. होडीने पलीकडे जाणार असतील, असं समजून तो निघून गेला. काकू संध्याकाळपर्यंत उन्हात बसून होत्या.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"लोकांनी तिच्याकडे त्या नजरेनं बघितलेलं तिला आवडलं नसतं," काका म्हणाले.

तिठ्यापर्यंत जाऊन आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. काका फाटक धरून उभे राहिले. पोलिसांकडे जाऊ या, असं मी म्हणणार एवढ्यात एक अनोळखी गाडी वळणावरून आली आणि कुणालाही काही न विचारता नेमकी आमच्यासमोर थांबली. फिरायला आलेलं एक तरुण जोडपं होतं. "आजी पुलापलीकडे रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या," मुलगी म्हणाली. "गळ्यातल्या फोनमध्ये घर दिसलं, म्हणून इकडे आणलं."

काकू उतरल्या. त्यांनी कौलांकडे बघितलं, मग काकांकडे. "कुणाचं हो हे घर?"

एरवी काका त्यांना "गो" म्हणून हाक मारायचे. आता ते फाटक उघडून बाजूला झाले.

"आमचंच आहे," ते म्हणाले. "उन्हातून आलात. बसा जरा. चहा घ्याल ना?"

"घेईन," काकू पडवीत टेकत म्हणाल्या. "पण साखर कमी."

"ठाऊक आहे मला," काका म्हणाले आणि आत गेले. चहाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ते आतच होते.