थिलो ग्रॅब्नरचं मंजूर वजन

उतारावरून खाली येणं कोणालाही जमतं. तेच नियमाला धरून यायचं म्हटलं की मात्र महासंघ लागतो, महासंघाला उपसमित्या लागतात आणि उपसमित्यांना दुपारचं जेवण लागतं. पुरुषांच्या एकेरी ल्यूज शर्यतीची जगात एवढी भरभराट झाली ती यामुळेच. या खेळात माणूस एका लहानशा घसरगाडीवर उताणा झोपतो, पाय पुढे करतो आणि बर्फाच्या नळीतून मोटारीच्या वेगाने खाली जातो. वाटेत त्याने शक्यतो काहीही करायचं नसतं. डोकं वर काढून आपण कुठे चाललोय ते पाहिलं, तर वेळ वाया जातो. (उताराला लागलेल्या इतर संस्थांनीही हा नियम फार पूर्वीच स्वीकारला आहे.)

जर्मनीतल्या थुरिंगियाच्या जंगलातल्या टानेनरोड गावात हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तिथलं मूल आधी घसरतं, मग सवडीने चालायला लागतं. शर्यतीच्या दिवशी अख्खं गाव गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन नवव्या वळणावर उभं राहतं, सकाळपासून कुडकुडतं, आणि ज्याच्यासाठी कुडकुडलं तो समोर येतो न येतो तोच दिसेनासा होतो. दिसतात ते फक्त तळवे. पण टानेनरोडकरांना तेवढे पुरतात. 'आज खांदे सैल नाहीत' इथपासून 'सकाळी बायकोशी वाजलेलं दिसतंय' इथपर्यंतचं निदान ते तेवढ्यात करतात आणि एकमेकांच्या निदानावर संध्याकाळपर्यंत भांडतात.

त्या गावचा थिलो ग्रॅब्नर जागतिक स्पर्धेत तीनदा चौथा आला होता. चौथा नंबर फार सोयीचा. पदक ठेवायला कपाट लागत नाही, भाषण करावं लागत नाही, मत्सर कोणी करत नाही आणि जो तो पाठीवरून हात फिरवतो. थिलोच्या पाठीवरून इतके हात फिरले होते की कोणी मागे येऊन उभं राहिलं तरी तो भिंतीला पाठ लावायचा. यंदा स्पर्धा घरच्याच उतारावर होती आणि ती संपली की तो निवृत्त होणार होता. त्याला पदक हवं होतं. कुठल्या धातूचं, याबद्दल त्याचा काही हट्ट नव्हता.

अडचण वजनाची होती. भौतिकशास्त्र नेहमी जड माणसाची बाजू घेतं, आणि थिलो होता काटकुळा. पण महासंघ न्यायी आहे. हलक्या माणसांसाठी त्याने शिशाच्या जाकिटाची सोय केली आहे. शर्यतीच्या आधी माणसाला नुसत्या चड्डीवर तोलतात, त्याच्या हलकेपणाच्या प्रमाणात शिसं मंजूर करतात आणि जाकिटाला शिक्का मारतात. शर्यत झाली की त्याला जाकिटासकट पुन्हा काट्यावर चढवतात. मंजूर आकड्याच्या वर गेला, की बाद. (खाली गेला तर कोणी विचारत नाही. कमी भरलं तरी चालणारी ही जगातली एकमेव कचेरी असावी.)

टानेनरोडच्या लोकांनी या नियमावलीचं पहिलं वाक्य मन लावून ऐकलं होतं: जड माणूस जोरात जातो. पुढचं कलम येईपर्यंत त्यांनी बटाटे किसायला घेतले होते.

त्यांचा क्लोस म्हणजे किसलेल्या बटाट्याचा मोठा उकडलेला गोळा. पोटात तुपकट पावाचे कुरकुरीत तुकडे, वरून रस्सा. शर्यतीच्या दिवशी पुढ्यात आलेला क्लोस नाकारला तर गाडी उलटते, अशी गावाची श्रद्धा आहे आणि तिला पुरावाही आहे. ओट्टोकार नावाच्या गृहस्थाने एकदा नाकारला आणि त्याच दुपारी त्याचं खांद्याचं हाड मोडलं. (क्लोस खाऊन हाडं मोडलेल्यांची नोंद ठेवायची पद्धत नाही.)

शर्यतीच्या सकाळी प्रशिक्षक एगबेर्टने क्लबच्या शेडमध्ये थिलोला जाकिटासकट तोलून पाहिलं.

"बरोब्बर," एगबेर्ट म्हणाला. "आता शर्यत होईपर्यंत थुंकीसुद्धा गिळायची नाही."

"पाणी?"

"पाण्याकडे बघ. बघितल्याने वजन वाढत नाही."

"आणि रोझवीथाकाकू क्लोस घेऊन आल्या तर?"

एगबेर्टने आधी दाराकडे पाहून घेतलं. तरुणपणी तोही शर्यती करत असे, आणि काकू तेव्हाही होत्याच. "काकू आल्या तर पळ," तो म्हणाला.

दोनपैकी पहिल्या फेरीत थिलो पहिला आला. दुसऱ्यापेक्षा तो इतक्या कमी वेळाने पुढे होता की तेवढ्यात शिंक यायचीसुद्धा राहते. नवव्या वळणावर घंटांचा असा काही गदारोळ झाला की जंगलातली हरणं शेजारच्या तालुक्यात गेली. एगबेर्ट बर्फ कितपत टणक राहिलाय ते बघायला खाली गेला आणि थिलो वरच्या खोलीत शेगडीजवळ एकटाच बसून राहिला. त्याच्या आनंदात भीती मिसळलेली होती. आजवर कधीच त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं.

दार उघडलं आणि टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं आत आलं. त्याच्यामागे रोझवीथाकाकू. क्लबचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं, आणि थिलोची आई गेल्यापासून थिलोही.

"काकू, नको. वजन वाढेल."

"अरे बाळा, वाढावं म्हणूनच तर आणलाय. एकच."

"नियम आहे, काकू. बाद करतात."

"ते नियम करणारे कधी पोटभर जेवलेत का? तोंडं बघ त्यांची. तुझी आई असती तर तिने दोन वाढले असते. मी एकच म्हणतेय."

थिलोला तो क्लोस मनापासून नको होता. पण उभ्या आयुष्यात त्याने एकच विद्या कमावली होती: कशाचाही जोर आला की अंग सैल सोडायचं आणि वळण नेईल तिकडे जायचं. त्याने तोंड उघडलं.

काकू बाहेर पडल्या आणि क्लबचे अध्यक्ष आत आले. "काकूंचा खाल्लास आणि माझ्या घरचा नको? मग बायको मला आज घरात घेणार आहे का?" त्यांच्यामागे अग्निशामक दलाचे प्रमुख होते. ते समजूतदार गृहस्थ. "एकाने काय होतंय?" असं म्हणून त्यांनी मुद्दाम त्यातल्या त्यात लहान क्लोस निवडला. टानेनरोडचे लोक संयमी आहेत. कोणीही एकापेक्षा जास्त वाढला नाही.

दुसरी फेरी थिलोच्या आयुष्यातली सर्वात सुंदर फेरी होती. त्याने काहीच केलं नाही, आणि ते इतकं सफाईने केलं नाही की वळणं आपणहून बाजूला होतायत असं वाटावं. खाली फलकावर त्याच्या नावापुढे एकचा आकडा लागला. शिरस्त्राणाच्या काचेआड तो रडला. एगबेर्टने त्याला उचललं आणि लगेच खाली ठेवलं. तीस वर्षांत माणसं उचलून त्याच्या हातांना वजन ओळखायची सवय झाली होती.

काट्याजवळचा परदेशी अधिकारी चष्मा पुसून वाकला. आकडा मंजूर वजनाच्या पुढे गेला, थोडा मागे आला (इथे सगळ्यांना आशा वाटली), पुन्हा पुढे गेला आणि तिथेच बसला. चारशे ग्रॅम जास्त.

"काय खाल्लंस?" एगबेर्टने हळूच विचारलं.

"एक," थिलो म्हणाला. "तिघांकडचा."

गावाने ताबडतोब चौकशी समिती नेमली. विषयाची माहिती असलेली माणसं हवीत म्हणून तिच्यावर क्लबचे अध्यक्ष, अग्निशामक दलाचे प्रमुख आणि रोझवीथाकाकू यांना घेण्यात आलं. समितीने अत्यंत निःपक्षपातीपणे नमुन्याचे गोळे उकडून तोलले. एकही गोळा चारशे ग्रॅमचा भरला नाही. सबब कोणत्याही एका गोळ्यावर ठपका ठेवता येत नाही, आणि तोंड उघडण्याचा निर्णय सर्वस्वी स्पर्धकाचा होता, असा निष्कर्ष निघाला. (नमुने समितीने खाऊन नष्ट केले.)

रविवारी क्लबमध्ये थिलोचा निरोपसमारंभ झाला. बिअर होती, निखाऱ्यावर भाजलेले सॉसेज होते, अकॉर्डियन होतं. कोणी कोणावर रागावलेलं नव्हतं. जेवणाच्या मध्यावर काकूंनी पातेल्यातला सर्वात मोठा क्लोस थिलोच्या ताटात ठेवला.

"घे. आता कोण तोलतंय तुला?"

थिलोला भूक लागली होती. रश्श्याचा वासही चांगला येत होता. आता जन्मभर त्याला काट्यावर चढायचं नव्हतं. त्याने ताट दोन बोटांनी मागे सारलं.

"नको, काकू," तो म्हणाला.

अकॉर्डियन थांबलं. काकूंनी ताट उचललं, पदराऐवजी एप्रनला डोळे पुसले आणि मुकाट्याने स्वयंपाकघरात निघून गेल्या. अध्यक्ष म्हणाले, "हे काही बरं नाही केलंस, थिलो." एगबेर्टसुद्धा मान खाली घालून बसला.

सुवर्णपदक गेल्याचं दुःख बर्फ वितळायच्या आत गाव विसरलं. शेवटी तो खेळ आहे, हारजीत चालायचीच. ही गोष्ट मात्र कोणी विसरलेलं नाही. थिलो रस्त्याने जाताना दिसला की आजही लोक एकमेकांना खुणावतात, हाच तो, काकूंचं मन मोडणारा. त्यांचं सोडा, वाचकहो. तुम्ही तर नियमावली पहिल्यापासून वाचलीत, काटा कुठे थांबला तेही पाहिलंत. तरी खरं सांगा, म्हाताऱ्या बाईने एवढं प्रेमाने केलं होतं तर एक खायला काय हरकत होती, असं आत्ता तुमच्याही मनात येऊन गेलं ना?