एक्केचाळीस नंबरचं शून्य

दातीर नाना कॉम्प्युटरच्या स्क्रीनला फूटपट्टी लावतात. कंपासपेटीत असते तशी सहा इंची, स्टीलची. ती काचेवर आडवी धरायची, एक डोळा मिटायचा आणि ओळ किती आत सरकली आहे ते मोजायचं. मी पहिल्या दिवशी हे बघितलं तेव्हा मनात म्हटलं, पुण्यातली नोकरी गेली ती गेलीच, पण आता आपण नक्की कुठे येऊन पडलोय.

आमचं ऑफिस केडगावात, एका डेअरीच्या चिलिंग प्लँटच्या मागे. वर पत्रा, खाली आम्ही, आणि बारा महिने हवेत आंबूस वास. डेअरीची दूध संकलन केंद्रं गावोगाव आहेत. सकाळी माणूस किटली घेऊन केंद्रावर येतो, त्याचा सभासद नंबर दाबतात, दूध काट्यावर जातं, मशीन फॅट सांगतं, आणि ही सगळी माहिती त्याच क्षणी एक ओळ होऊन आमच्या डेटाबेसमध्ये येऊन पडते. पडते म्हणजे आपोआप पडत नाही. कोणत्या केंद्राची ओळ कुठून घ्यायची, कोणत्या टेबलात टाकायची, लिटर कुठल्या रकान्यात आणि फॅट कुठल्या, किती चुकीच्या ओळी आल्या की काम थांबवायचं, हे प्रत्येक केंद्रासाठी एका फायलीत लिहून द्यावं लागतं. तिला यॅमल फाइल म्हणतात. कोणती गोष्ट कोणाच्या खाली येते हे तिथे ओळीच्या आधी किती मोकळ्या जागा सोडल्या यावर ठरतं. एक जागा इकडची तिकडे झाली की त्या गावचं दूध आमच्या दृष्टीने नाहीसं होतं.

या फायली नाना लिहीत. आयुष्यभर ते याच डेअरीच्या लॅबमध्ये ॲसिडच्या नळ्या हलवून फॅट काढत आले होते. गावोगाव मशिनं आली तशा नळ्या गेल्या, आणि नानांचं काय करायचं हे कोणालाच सुचेना म्हणून त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत आणून बसवलं. नुसतं बसणं त्यांना जमेना. तिथल्या पोरांच्या खांद्यावरून बघत बघत ते हे शिकले. इंग्रजी बेताचंच, पण म्हणायचे की हितं इंग्रजीचं काम न्हाई, हितं जागा सोडायचं काम हाय. रिटायर झाल्यावरही डेअरीने त्यांना वर्षावर्षाची मुदत वाढवून दिली होती, कारण हे काम करायला दुसरं कोणी राजी नव्हतं.

फाइल आधी चौकटीच्या वहीत उतरायची. एका चौकटीत एक अक्षर, शिसपेन्सिलने. मग ती स्क्रीनवर, मग पट्टी. आणि हे सगळं चालू असताना तोंडाने एकच प्रश्न: "पोटात हाय का शेजारी?" म्हणजे ही ओळ वरच्या ओळीच्या पोटातली की तिच्या बरोबरीची. पोटातली असेल तर दोन घरं आत. हा प्रश्न त्यांच्या अंगात इतका मुरला होता की ते तो माणसांनाही विचारत. मला पहिल्या दिवशी विचारलं, तुम्ही मॅनेजरच्या पोटात का शेजारी? मी म्हटलं, पोटात. त्यांनी मान हलवली आणि माझी खुर्ची साहेबांच्या खुर्चीपासून दोन फरश्या मागे सरकवली. नव्या टाकीच्या पूजेचा फोटो काढायचा होता तेव्हाही त्यांनी साहेबांना कडेला उभं केलं आणि बाकी सगळ्यांना मागे ढकललं. फोटोत साहेब तेवढे स्पष्ट आलेत, आम्ही नुसते असल्यासारखे आहोत.

एका फायलीतून दुसऱ्या फायलीत काही चिकटवणं त्यांना मान्य नव्हतं. एकाची खोड दुसऱ्याला लागती, म्हणायचे. मी अर्थातच हसलो. महिनाभरातच मी राहात्याकडच्या एका केंद्राची फाइल उचलून कर्जतकडच्या नव्या केंद्राला चिकटवली, सगळं बदललं आणि टेबलाचं नाव तेवढं बदलायला विसरलो. एक अख्खी सकाळ कर्जतच्या म्हशींचं दूध राहात्याच्या गायींच्या नावावर जमा झालं. राहात्याची फॅट अशी चढली की साहेबांनी तिकडच्या केंद्रचालकाला अभिनंदनाचा फोन केला. नाना मला काही बोलले नाहीत. त्यांनी एक कोरी चौकटीची वही माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि परत जागेवर जाऊन बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

यॅमलमध्ये ओळीच्या सुरुवातीला एक खूण केली की तिच्यापुढचं मशीन वाचत नाही. ती जागा माणसांनी माणसांसाठी टिपण ठेवायची. आम्ही तिथे कधी काही लिहीत नाही, कारण आमच्यानंतर येणाऱ्याची आम्हाला फिकीर नसते. नानांच्या फायलींमध्ये कामाच्या ओळी कमी आणि ही टिपणंच जास्त. 'गुरुवारी ओळी उशिरा येणार, शिर्डीची गर्दी रस्त्यावर असते.' 'इथे पाऊस आला की नेट जातं, चिडू नये.' 'केंद्रचालकाला कमी ऐकू येतं, ओरडू नये, फोन बायकोला द्यायला सांगावा.' जिल्ह्यातली निम्मी गावं मी कधी बघितली नाहीत, पण तिथल्या कोणाला दमा आहे आणि कोणाचं घड्याळ पुढे आहे हे मला या टिपणांवरून पाठ झालं होतं.

त्यांचा एक हट्ट मात्र सगळ्यांनाच जाच होता. चुकीच्या किती ओळी चालवून घ्यायच्या, या जागी ते प्रत्येक फायलीत शून्य लिहीत. एक जरी ओळ वाकडी आली की त्या केंद्राचं काम थांबायचं, स्क्रीनवर लाल व्हायचं आणि नाना फोन उचलायचे. सकाळभर त्यांचं हेच. बाई, तुमचा काटा कलंडलाय का? तात्या, मशीन धुतलं का आज? साहेबांना स्क्रीन हिरवी हवी होती. दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावून सांगितलं की सगळ्या केंद्रांसाठी एकच साचा बनव, फायली साच्यातून निघू देत, वाकड्या ओळी गुपचूप गाळून टाक, काम थांबता कामा नये. आणि मग नानांची मुदत पुन्हा वाढवायची गरज नाही, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. मी बरं म्हणालो. मला पुन्हा नोकरी शोधायची नव्हती.

साचा बनवण्यासाठी मी नानांच्या फायली एकेक करून वाचायला घेतल्या आणि कर्जत तालुक्यातल्या एका केंद्राच्या फायलीपाशी थांबलो. बाकी सगळीकडे शून्य लिटरची ओळ म्हणजे चूक. या एका फायलीत मात्र शून्याला आत घ्यायची वेगळी सोय केलेली होती आणि वर टिपण होतं: '४१ नंबर रोज शून्य टाकणार. चूक नाही.'

मी नानांना विचारलं. त्यांनी पट्टी खाली ठेवली. त्या नंबराचं घर ऊसतोडीला जातं, म्हणाले. दसरा झाला की पोरगा, सून, नातवंडं ट्रॅक्टरवर बसून कारखान्याकडे, आणि म्हातारी एकटी मागे. गाय विकली त्यालाही बरेच दिवस झाले. पण नंबर बंद पडला तर सभासद यादीतून नाव जाईल अशी तिला धास्ती. म्हणून ती रोज सकाळी रिकामी किटली घेऊन केंद्रावर येते आणि म्हणते, माझा नंबर दाब. केंद्रचालक दाबतो. शून्य लिटर, शून्य फॅट.

"साडेसातला ती वळ पडती," नाना म्हणाले. "पडली म्हंजी म्हातारी उठली, चालली, बोलली. न्हाई पडली तर मी आठला फोन लावतो. तिच्याकडं बघाया दुसरं कोन हाय?"

मी साच्याचं सांगितलं. साच्यात ती ओळ गळणार हेही सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "बाकी समद्या घ्या तुमी साच्यात. येवढी यक सोडा."

मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त रागही आला. एका म्हातारीची हजेरी डेअरीच्या डेटाबेसवर का टाकायची? तिथला केंद्रचालक चार घरं पलीकडे राहतो, त्याने रोज दारात डोकावावं की. मग ती ओळही नको आणि वेगळी फाइलही नको. हा तोडगा मला इतका शहाणपणाचा वाटला की दुपारी नाना जेवायला गेल्यावर मी त्या केंद्रचालकाला फोन लावला. नानांकडून बोलतोय म्हटल्यावर तो मोकळेपणाने बोलू लागला. मी म्हटलं, एक्केचाळीस नंबरच्या आजींकडे रोज सकाळी तुम्हीच चक्कर टाकत जा.

फोन कटला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"म्हातारी गेली की," तो म्हणाला. "गेल्या थंडीतच गेली. नानांनी न्हाई सांगितलं?"

मग त्याने सगळं सांगितलं. त्या दिवशी तो मेव्हण्याच्या लग्नाला गेला होता, केंद्रावर भावाला बसवून. भावाला या नंबराचं काही ठाऊक नव्हतं. आठ वाजता नानांचा फोन आला तेव्हा हा वरातीत होता, खिशात फोन वाजत होता, आणि नानांचा आहे म्हणून त्याने उचलला नाही, कारण नाना मशीन धुतलं का एवढंच विचारतात. नानांनी दिवसभर फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरून ते स्वतः गावात गेले, आणि दार त्यांनीच ढकललं.

"पोरगं आलं, दिवस घातले, परत फडावर गेलं," तो म्हणाला. "त्येच्यानंतर नानांचा फोन आला. म्हनले, ती वळ यकदम बंद करू नको, मला सकाळी सुधरत न्हाई. मी म्हनलं दाबतो. खरं सांगू का, मलाबी दाबल्याबिगर करमत न्हाई आता." मग त्याने विचारलं, "बंद करायचं हाय का?"

मी इतका वेळ शहाणपणा करत होतो. एकदम लाज वाटली. मी म्हटलं, नको, दाबत राहा.

साच्यातून सगळ्या फायली निघाल्या, ती एक सोडून. साहेबांनी विचारलं तर मी ठोकून दिलं की त्या केंद्राचं मशीन जुन्या बनावटीचं आहे, साच्यात बसत नाही. त्यांनी आयुष्यात एकही केंद्र बघितलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. स्क्रीन हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. कुठे काटा कलंडतो, कुठे पाऊस येतो, आता आम्हाला काहीच कळत नाही.

नानांना आता काम उरलं नाही. मुदत संपेपर्यंत ते रोज येत, साडेसातच्या आधी, त्या एका फायलीसमोर बसत, आणि आठ वाजल्यावर वर्तमानपत्र उघडत. मी फोन केला होता हे केंद्रचालकाने त्यांना सांगितलं असणारच, पण आठवडाभर कोणीच तो विषय काढला नाही. मीही भित्रा आणि तेही.

शेवटच्या दिवशी आम्ही त्यांना शाल आणि नारळ दिला. साहेब चार शब्द बोलले, त्यातले तीन नव्या साच्याबद्दल होते. सगळे पांगल्यावर नाना माझ्याजवळ आले. सामान पिशवीत भरून झालं होतं. म्हणाले, बायको जाऊन नऊ वर्षं झाली, लेकरू देवाने दिलं नाही, शेजारच्या खोल्यांमध्ये भाडेकरू सारखे बदलतात. हे सगळं त्यांनी एखाद्या केंद्राची माहिती सांगावी तशा सुरात सांगितलं.

"ती गेली तवा दीड दिस कुनाला पत्ता न्हवता," ते म्हणाले. "मी हितं टेबलावर बसून तिची वळ बघत हुतो, तरी दीड दिस. माझी तर वळबी न्हाई कुटं."

मी त्यांची पिशवी हातात घेतली.

"सकाळी साडेसातला यक फोन करत जा," म्हणाले. "दोनदा करा. पहिल्यांदा मला ऐकू येत न्हाई."

मी हो म्हणालो. तेव्हापासून रोज करतो. ऑफिसात असताना ते सोपं जातं, समोर स्क्रीन असते, केंद्रांच्या ओळी पडत असतात, त्या गडबडीत एक फोन होऊन जातो. आज रविवार. घरी बायको अजून झोपलेली होती, चहा झाला नव्हता. साडेसातला फोन लावला. पूर्ण वाजला आणि आपोआप बंद झाला. हे रोजचंच आहे हे मला माहीत होतं. तरी दुसऱ्यांदा लावल्यावर तिकडे वाजत राहिलं तेवढा वेळ मी, एवढा शहाणा माणूस, स्वयंपाकघरात हात जोडून उभा होतो.

"व्हय," नाना म्हणाले, "उठलोय." आणि ठेवून दिला.